अकराव्या ओळीपासून

"टण्ण!"

अख्ख्या हॉलमध्ये आवाज घुमला आणि टिपणीसबाईंच्या हातातली फुलांची परडी खाली पडली.

"अहो रेवदंडकर! वाजवताय काय!"

"भांडं आहे ना?" माझे वडील, नाना, शांतपणे म्हणाले. "मग वाजवल्याशिवाय कळायचं कसं?" आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी समोरच्या जपानी तांब्याच्या भांड्यावर बोटाच्या पेराने आणखी एक टिचकी मारली. पुन्हा टण्ण! या वेळी मान तिरकी करून, डोळे मिटून त्यांनी तो आवाज पार विरेपर्यंत ऐकला. "वा! कुठे म्हणून फसलेला नाही गडी. वा रे पठ्ठ्या!"

मी कपाळावर हात मारून घेतला, तोही मनातल्या मनात. कारण खरे दोन्ही हात जपानहून आलेल्या मोरिकावाबाईंसमोर जोडलेले होते आणि जपानीत जितक्या प्रकारे माफी मागता येते तितक्या प्रकारे मी ती मागत होते. जपानीत पुष्कळ प्रकारे मागता येते, बरं का.

मोरिकावाबाई मात्र रागावल्या नव्हत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. "आमच्याकडचे कारागीरही अगदी असंच करतात," त्या मला म्हणाल्या. "फक्त पाहुण्यांसमोर नाही करत."

मी ते नानांना सांगितलं. "मग मी कुठे पाहुणा आहे?" नाना म्हणाले.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. दसरा होऊन चार दिवस झाले होते, बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि दुसऱ्या दिवशी, कोजागरीला, प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. जपानी चहाच्या विधीची हाताने घडवलेली भांडी! पुण्यात असलं काही तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. टिपणीसबाई नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं जपानात राहून आल्या होत्या, तिथे हा विधी शिकल्या होत्या आणि हे प्रदर्शन म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता. तळजाईच्या टेकडीवरून तुरेवालं गवत काय आणलं होतं, खिडक्यांना कागद काय लावले होते! जपानातून मोरिकावाबाई स्वतः भांडी घेऊन आल्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, किरकोळ बांध्याच्या, राखी रंगाचा किमोनो नेसलेल्या. त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बर्फाच्या गावच्या. घराणं तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचं, म्हणजे आमच्यासारखंच.

मी दुभाषी होते. तांबट आळीतली मुलगी जपानी कशी शिकली, हे मला अजून लोक विचारतात. पुण्यात जपानी शिकणं म्हणजे काही आकाशातून पडल्यासारखं नाही. संध्याकाळचे वर्ग असायचे, मी तीन वर्षं गेले. मग सकाळच्या वेळात एका कंपनीत कागदपत्रांचं भाषांतर करायला लागले आणि दुपारी एकला घरी यायला लागले. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मी आणि नाना दोघंच.

आणि नाना या प्रदर्शनात का? तर टिपणीसबाईंच्या मनात आलं की जपानी तांब्याच्या शेजारी आपल्या पुण्याचंही एखादं तांब्याचं भांडं ठेवावं. आळीत आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि दिवाळीसाठी तयार होत असलेल्या मोठ्या घंगाळावर त्यांनी बोट ठेवलं. "हेच! गिऱ्हाइकाला दुसरं द्या, रेवदंडकर. हे मला चार दिवस हवं."

दुसरं कुठलंही भांडं चाललं असतं. तेच घंगाळ नको होतं.

आता काय ते सांगूनच टाकते. श्रावण सरला आणि नानांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, चहाची बशी धरताना. मग हातोडा धरताना. तांबटाच्या कामात मठार म्हणजे सगळ्यात नाजूक प्रकरण. भांडं तयार झालं की त्यावर छोट्या गुळगुळीत हातोडीने एकाला एक लागून ठोके घालायचे, ओळीने, खालपासून काठापर्यंत. त्यानेच तांबं चमकतं आणि त्यानेच ते कडक होतं. या घंगाळाच्या दहा ओळी नानांनी हात चांगला असताना घातलेल्या. काय ओळी होत्या! फूटपट्टी लावून बघाव्या. आणि अकरावी ओळ एका सकाळी त्यांनी घातली, ती मी दुपारी पाहिली, तर ती दारू प्यायल्यासारखी वाकडी चाललेली.

नाना तेव्हा वर माडीवर पडले होते. हात बिघडल्यापासून जेवण झालं की "जरा पडतो" म्हणून जायचे ते तीन वाजता उतरायचे. मी त्या ओळीकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी अंगठा फिरवून बघताना तो वाकडेपणा त्यांना लागला असता आणि कळलं असतं की हात गेला. मग त्यांनी हातोडा खाली ठेवला असता. पंचावन्न वर्षं दुसरं काहीही न केलेला माणूस हातोडा खाली ठेवून काय करणार होता? नुसता खुर्चीत बसून राहिला असता. मला ते बघवलं नसतं. म्हणून मी त्यांच्या पोत्यावर बसले, हातोडी घेतली आणि ती ओळ सरळ केली.

आमच्यात बायका चिंच लावून भांडी उजळतात. आगीला फुंकर घालतात, भांडी वाहतात, गिऱ्हाईक सांभाळतात. हातोडीला हात लावत नाहीत. दहा वर्षांची असताना मी एकदा लावला होता, तेव्हा नानांनी ती अलगद काढून घेतली होती आणि "हा आपला प्रांत नाही, चारू," म्हणाले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी विसरून तरी गेले असते. नंतर मी मागच्या अंगणात भंगारातल्या पत्र्यावर चोरून शिकले.

तर असं महिनाभर चाललं. सकाळी नाना एकदोन ओळी घालायचे. दुपारी ते वर पडले की मी त्याच ओळींवर ठोके बसवून त्या सरळ करायचे. आळीत बारा दुकानांत ठोकाठोक चाललेली असते, त्यात माझी एक हातोडी कोणाला कळणार? सकाळी नाना कालच्या ओळीवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "बरं जमलंय." मी चुलीकडे तोंड करून हसायचे. आणि घंगाळ पुरं झालं.

आता त्या घंगाळासमोर पांढरं कार्ड होतं. टिपणीसबाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: मार्तंड विठ्ठल रेवदंडकर, तांबट आळी, पुणे, यांनी स्वहस्ते घडवलेले घंगाळ.

मोरिकावाबाई हसू आवरून त्या घंगाळाकडे गेल्या. नानांकडे बघून मान लववली आणि बोटाच्या पेराने त्यांनीही टिचकी मारली. टण्ण!

"हां!" नाना खूश. "आता कसं बोललात!"

मग त्या खाली बसल्या आणि घंगाळावर बोटं फिरवायला लागल्या. बुडापासून वर. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोटं सावकाश चढत होती. मी मनातल्या मनात ओळी मोजत होते. आठवी, नववी, दहावी. बोटं थांबली. एक ओळ मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि तिथेच थांबली.

"हे किती जणांनी केलंय?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"एकट्या वडिलांनी," मी म्हणाले.

"काय म्हणतायत?" नाना.

"छान आहे म्हणतायत."

मोरिकावाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. तळहाताला आलेले घट्टे दिसू नयेत म्हणून मी मूठ मिटली. "असं होय," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

नंतर चहा झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घरच्या माणसांना एकदा चहा द्यायचा, अशी मोरिकावाबाईंची इच्छा होती. आम्ही तिघं बसलो: टिपणीसबाई, नाना आणि मी. भांड्यांना चरे पडू नयेत म्हणून घड्याळ, अंगठी, बांगड्या सगळं काढून ठेवायचं. टिपणीसबाईंच्या गुडघ्यांनी दोन मिनिटांत हाय खाल्ली. नाना मात्र पाय दुमडून असे बसले की जन्म तिथेच गेला असावा. तसा तो गेलाच होता म्हणा, जमिनीवर बसून.

मी खूप प्रदर्शनं पाहिली नंतर. पण त्या तासाभरात त्या बाईंनी जे केलं ते पुन्हा पाहिलं नाही. लोखंडी किटलीत आधण बारीक गुणगुणत होतं. एका बांबूच्या कांडाला चिरून चिरून ऐंशी काड्या काढलेली रवी होती, एकाही काडीला जोड नाही. काळी लाखेची डबी होती, तिच्या झाकणावर चंद्र आणि गवताच्या चार पात्या, बस्स. त्या एकेक वस्तू उचलायच्या, पुसायच्या, ठेवायच्या आणि ठेवल्यावर हात असा मागे घ्यायच्या की जणू वस्तूला झोप लागली आहे. मला श्वास मोठ्याने घ्यायचीही चोरी झाली.

"हे वाकडं मुद्दाम ठेवलंय," नाना माझ्या कानात म्हणाले. समोर त्यांच्यासाठी आलेला चहाचा काळा वाडगा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. "बघायला ओबडधोबड, पण धरलं की बोटं आपोआप जागेवर जातात. हे करणाऱ्याला माणसाचा हात माहीत आहे हो." वाडगा त्यांच्या हातात थरथरत होता आणि हिरवा चहा काठाशी डुचमळत होता. मी दुसरीकडे बघितलं. मोरिकावाबाईंनी काही न बोलता आपला रुमाल पुढे सरकवून ठेवला, सांडलंच तर असावा म्हणून. सांडलं नाही. नाना चहा प्यायले, तोंड कडू केलं आणि मोठ्याने म्हणाले, "फर्स्ट क्लास!"

तेवढ्यात लाइटवाला आला आणि टिपणीसबाई गुडघे धरत उठून गेल्या. आम्ही तिघंच उरलो.

"तिला विचार," नाना म्हणाले, "ते मघाचं भांडं, मी वाजवलेलं, ते पाठीमागे का लपवलंय? सगळ्यात चांगलं काम तेच आहे."

मी विचारलं. मोरिकावाबाई म्हणाल्या की त्याला केन्सुई म्हणतात. वाडगा विसळलेलं पाणी त्यात ओततात. म्हणून ते मागे, यजमानाच्या आड ठेवायचं. बाकीची भांडी पाहुणे हातात घेऊन बघतात, ते सहसा कुणी मागत नाही.

"म्हणजे आपलं तस्त की!" नाना म्हणाले. "खरकट्या पाण्याच्या भांड्यावर एवढं मठार? कुणी बघणार नाही हे माहीत असून?" त्यांनी हात पुढे केला. "मला द्या म्हणावं ते. मी बघतो."

मोरिकावाबाईंनी ते रिकामं केलं, पुसलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवलं. पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं, ओंजळीपेक्षा थोडं मोठं. "माझ्या वडिलांच्या हातचं शेवटचं भांडं," त्या म्हणाल्या. ज्या लाकडी पेटीतून ते आलं होतं तिच्या झाकणावर वडिलांचं नाव होतं: तेइजी मोरिकावा.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. तांबट जवळचं काम चष्म्याने बघत नाही, अंगठ्याने बघतो. अंगठा बुडापासून फिरायला लागला, गोल गोल, वर वर. मध्यावर आला आणि थांबला.

"दोन हात आहेत," नाना म्हणाले.

मी पेटीवरच्या नावाकडे बघितलं.

"खालचा उजवा हात आहे. पक्का, वयस्कर माणूस. पण इथून वर हात बदलला. बघ, ठोक्यावर ठोका चढतो ना, खवल्यासारखा? खाली तो डावीकडे झुकलाय, इथून उजवीकडे. वरचा माणूस डावखुरा आहे. आणि या दोन ओळी भ्यालेल्या आहेत. फार भ्यालेल्या. तिसऱ्या ओळीपासून हात बसलाय. आणि मग पुढे..." त्यांनी अंगठा काठापर्यंत नेला आणि नुसतं 'च्च' केलं, आवडलेल्या गाण्याला करतात तसं. "पुढे खालच्यापेक्षा सरस आहे. सांग तिला."

ते मी कसं सांगणार होते? पेटीवर बापाचं नाव लिहिलेलं, उद्या तीनशे माणसं ते बघायला येणार. आणि दुसरंही एक. हे 'दोन हात' शब्द एकदा त्या खोलीत उच्चारले गेले की ते तिथेच थोडेच थांबणार होते!

"वडील म्हणतात, काम अप्रतिम आहे," मी जपानीत म्हणाले.

पण मोरिकावाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या नानांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. आणि त्यांचा डावा हात हळूच किमोनोच्या बाहीत गेला होता.

"चारू," नाना म्हणाले, "मी एवढं बोललो आणि तू चार शब्दांत उरकलंस?"

"जपानीत थोडक्यात होतं, नाना."

"असं? आणि मघाशी ती माझ्या घंगाळाबद्दल काय म्हणाली?"

"सांगितलं ना. छान आहे म्हणाल्या."

"छान म्हणायला माणूस अकराव्या ओळीवर बोट ठेवून थांबत नाही."

नानांचा आवाज चढला नव्हता. ते माझ्याकडे बघतही नव्हते, तस्तावर अंगठा फिरवत होते.

"तिने काय विचारलं ते मला कळलं," ते म्हणाले. "मीही तेच विचारलं असतं. आता मी म्हणालो ते तिला नीट सांग. सगळं सांग. भ्यालेल्या ओळींचंही."

मग मी सांगितलं. शब्दन् शब्द. मान वर न करता सांगितलं.

मोरिकावाबाईंनी बाहीतून डावा हात काढला आणि मांडीवर उताणा ठेवला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, जुने, पिवळे पडलेले.

"चहा उजव्या हाताने करायचा असतो," त्या म्हणाल्या. "म्हणून लहानपणी मला उजवा शिकवला. पण हातोडीला कुणी शिकवलंच नाही, त्यामुळे ती डाव्या हातात राहिली." त्या जरा हसल्या. "आमच्या घरात मुली रंगाचं काम करतात. तांबं औषधाच्या पाण्यात बुडवून काळं-जांभळं करायचं. ठोकायचं नाही. एका शरदात वडिलांची उजवी बाजू अर्धांगाने गेली. हे भांडं अर्धं झालेलं होतं आणि हिवाळ्यापर्यंत देतो असा त्यांनी शब्द दिला होता. मी पुरं केलं. पेटीवर त्यांचं नाव घातलं. आज पंधरा वर्षांत कुणाला कळलं नाही."

मी नानांना सांगत होते आणि प्रत्येक वाक्याला माझा आवाज बारीक होत होता.

"तिला विचार," नाना म्हणाले, "बापाला माहीत होतं का?"

मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतर ते तीन वर्षं होते. त्यांचं अंथरूण कारखान्याच्या शेजारच्या खोलीत होतं, तिथून माझी ठोकण्याची जागा समोर दिसायची. मी ठोकायला लागले त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण फिरवून घेतलं. बागेकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मला वाटलं, त्यांना ते बघवत नाही. मी कधी विचारलं नाही. त्यांनीही शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही. तेवढं एक मनात राहिलं आहे."

मी ते सांगितलं. नाना एकदम पुढे सरकले.

"अगं, त्याला माहीत होतं! सांग तिला. सांग, बापाला माहीत होतं म्हणून त्याने पाठ फिरवली. तो तोंड करून बसला असता तर हिचा हात चालला असता का? दोन भ्यालेल्या ओळींच्या वीस झाल्या असत्या. पाठ केली म्हणून तर तिसऱ्या ओळीपासून हात बसला. आणि पाठ केलेला माणूस काय बहिरा असतो? तो पडल्या पडल्या ठोका न् ठोका मोजत होता. कारागीर आहे तो! सांग लवकर."

मी सांगायला लागले. "वडील म्हणतात, त्यांना माहीत होतं. पाठ फिरवली कारण..." आणि पुढे शब्द येईनात. कारण मी जे सांगत होते ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं.

"बोल की," नाना म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, भाजी कितीला आणली विचारावं तसं विचारलं, "चारू, मठारलेलं तांबं दुसऱ्यांदा मार सोसतं का गं?"

"नाही."

"का?"

"कडक झालेलं असतं. तडकतं."

"मग मी सकाळी ठोकायचो, तू दुपारी त्याच्यावर ठोकायचीस. महिनाभर. घंगाळ तडकलं कसं नाही?"

इतका साधा प्रश्न, तांबटाच्या पोरीला पहिल्या दिवशी पडायला हवा होता. मला आपली माझ्या हाताची कमाल वाटली होती!

"मी नुसती खूण करत होतो," नाना म्हणाले. "पत्र्याला हातोडी टेकवत होतो फक्त. ठोका तुझ्यासाठी ठेवत होतो. मागच्या अंगणातली तुझी चोरटी हातोडी मला काय ऐकू येत नव्हती?" आणि मग अगदी खट्याळपणे, "तिच्या दोनच ओळी भ्यालेल्या आहेत. तुझ्या चार."

मी रडले. टिपणीसबाईंचा एवढा सोहळा, ते गवताचे तुरे, ती चंद्राची डबी आणि मी तिथे पदराने नाक पुसत होते. मोरिकावाबाईंनी मघाचा रुमाल माझ्याकडे सरकवला. त्यांना मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. त्यांचेही डोळे भरले होते. मी कसंबसं उरलेलं वाक्य पुरं केलं. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकून नानांना इतका खाली वाकून नमस्कार केला की कपाळ चटईला लागलं. आणि नानांनी, ज्यांनी देवळाबाहेर कुणापुढे मान वाकवलेली मी पाहिली नव्हती, तसाच वाकून परत केला.

"पेटीवर आता हिचं नाव घालायला सांग," नाना म्हणाले.

मी सांगितल्यावर मोरिकावाबाईंनी मान हलवली. "राहू दे. त्यांना माहीत होतं, तेवढं मला पुरे."

नानांना ते पटलेलं दिसलं. पण उठताना त्यांनी आपल्या घंगाळासमोरचं ते 'स्वहस्ते'वालं कार्ड उचललं, दुमडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. चारही दिवस घंगाळ बिननावाचं उभं होतं. टिपणीसबाईंनी मला खोदून खोदून विचारलं. मी म्हटलं, नानांना विचारा. नानांना विचारायची त्यांची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी, कोजागरीला, उद्घाटन संध्याकाळी होतं, म्हणून मी नेहमीसारखी एकला घरी आले. जेवलो. मी ताटं उचलली आणि वाट बघत राहिले. आता नाना "जरा पडतो" म्हणतील, जिन्याच्या पायऱ्या वाजतील. पण ते उठले, हात धुतले, पंचाला पुसले आणि दुकानात जाऊन बसले. आपल्या पोत्यावर नाही, समोरच्या भिंतीला टेकून.

"वर नाही जायचं?" मी विचारलं.

"कशाला?"

"झोपायला."

"मला दुपारची झोप येत नाही," नाना म्हणाले. "जन्मात कधी आली नाही. महिनाभर वर छपराच्या त्या पत्र्याखाली उकडून मेलो."

कोपऱ्यात नवं घंगाळ होतं, घडवून तयार, मठाराला अजून हात न लागलेलं. त्यांनी ते पायाने माझ्याकडे ढकललं. मग आपली हातोडी उचलली, दांडा माझ्याकडे करून धरली. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"बस," ते म्हणाले. "आता पहिल्या ओळीपासून घाल."